अंगणवाडीतले अंगण

सरकारी मराठीची थट्टा करणे हा आम्हां साहित्याच्या लोकांचा आवडता उद्योग आहे. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘त्याअन्वये’ अशा शब्दांना अडखळत चाललेला एखादा शासन निर्णय वर्गात वाचून दाखवला की हशा हमखास मिळतो. मात्र थट्टा करून झाल्यावर तो मजकूर नीट वाचण्याचे कष्ट आम्ही क्वचितच घेतो. कवितेतल्या एका प्रतिमेवर तासभर बोलणारे आम्ही ‘पट’, ‘समायोजन’, ‘मानधन’, ‘सेविका’ या शब्दांपाशी थांबत नाही. वास्तविक लाखो मुलांचे बालपण कोणत्या खोलीत, कोणाच्या सोबतीने आणि घरापासून किती अंतरावर जाणार हे याच शब्दांनी ठरते. त्यांचे वाचन हेही समीक्षेचेच काम आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखात अशाच एका शब्दाचे वाचन करण्याचा आमचा प्रयत्न आहे. तो शब्द म्हणजे ‘अंगणवाडी’.

ग्रामीण भागातील नव्या शाळा, वर्गखोल्या आणि अंगणवाड्या यांवरील सरकारी खर्चाची चर्चा आपल्याकडे बहुधा आकड्यांत होते. किती खोल्या मंजूर झाल्या, किती पूर्ण झाल्या, किती निधी अखर्चित राहिला, हे विचारले जाते आणि ते विचारलेही पाहिजे. परंतु या आकड्यांच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो दिशेचा आहे. सरकारचा पैसा शाळेला मुलाच्या दारापर्यंत नेण्यासाठी खर्च होतो आहे, की मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणण्यासाठी? वरवर पाहता दोन्हींचा परिणाम एकच दिसतो, पण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो एक नसतो. ‘अंगणवाडी’ या शब्दाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले होते.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे हा विचार गुजराती-मराठी मध्यमवर्गात रुजवला. १९४५ मध्ये मात्र त्यांनी शहराकडे पाठ फिरवून तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गाठली. सोबत अनुताई वाघ होत्या. बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली ती मुलेच येईनात. आईबाप पहाटे कामावर जात, थोरले मूल धाकट्याला कडेवर घेऊन बसे. शिवाय ज्या वस्तीला गावाने वेशीबाहेर ठेवले होते, तिथल्या मुलाने गावातल्या बालवाडीत यायचे म्हणजे वाटेत बरेच काही ओलांडायचे होते. यावर ताराबाईंनी काढलेला तोडगा अगदी साधा होता. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे. ठरलेल्या जागी भरणारी ती केंद्रीय बालवाडी आणि वस्तीतल्या अंगणात, वस्तीच्या सोयीच्या वेळी भरणारी ती अंगण-बालवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. मॉन्टेसरीची महागडी साधने दूर ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांच्यातून मोजणे आणि मांडणे शिकवायचे.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर हाच विचार आणखी पुढे गेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात ‘कुरणशाळा’ भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी हे तिन्ही शब्द पाहा. पहिल्या दोहोंत मूल जिथे आहे त्या जागेचे नाव आधी येते आणि संस्थेचे नंतर. अंगण आधी, वाडी मागाहून. कुरण आधी, शाळा मागाहून. समासातली ही क्रमवारी आम्हांला केवळ व्याकरणाची गोष्ट वाटत नाही. कोणी कोणाकडे चालत जायचे, याचा निर्णय तिच्यात आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रातल्या मेळघाटातील धारणीचा प्रकल्प त्यांत होता. योजनेने केंद्राला नाव दिले ते ‘अंगणवाडी’. डहाणू तालुक्यातल्या एका प्रयोगातला शब्द देशभरातल्या भाषांत गेला. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या योजनेच्या सार्वत्रिकीकरणाचा आदेश देऊन, ज्या वस्तीत पुरेशी मुले आहेत तिने मागणी केली तर अंगणवाडी मिळालीच पाहिजे, असे सांगितले. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. एखाद्या मराठी शब्दाचा एवढा मोठा संसार क्वचितच झाला असेल. पण शब्दाचा प्रसार होताना त्यातला विचार टिकतोच असे नाही. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या केंद्राने द्यायच्या होत्या. व्यवहारात खिचडी आणि वजनकाटा पुढे आला, गाणी-गोष्टी मागे पडल्या. खिचडीचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. उपाशी मुलाला गोष्ट ऐकू येत नाही, हे कोसबाडला जितके खरे होते तितकेच आजही आहे. तक्रार आहे ती एवढीच, की त्या एका खोलीत आणि त्या एका बाईच्या वेळेत सहा सेवा कोंबल्या गेल्या.

इथे आमच्याच गोटातून येणाऱ्या एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो असा, की इमारतीला एवढे महत्त्व कशाला? ताराबाईंनी अंगणात शाळा भरवली, रवींद्रनाथांनी झाडाखाली. चांगला शिक्षक असेल तर झाडही पुरते. हा युक्तिवाद साहित्याच्या माणसाला फार मोहवतो. झाडाखालची शाळा आपल्या कल्पनेत इतकी रुजलेली आहे, की गळके छप्पर पाहिले तरी आपल्याला आधी त्यातले सौंदर्य दिसते. हा मोह आपण सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या घरी पक्के छप्पर आहे त्याने निवडलेले झाड आणि ज्याला दुसरे काही मिळालेच नाही त्याच्या वाट्याला आलेले झाड, ही दोन वेगळी झाडे आहेत. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या पाड्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाडाखाली बसता येत नाही. शाळेचे वर्षच जूनमध्ये सुरू होते.

इमारतीच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि ते पावसाहून महत्त्वाचे आहे. जिथे सरकारी इमारत नसते तिथे अंगणवाडी कोणाच्या तरी पडवीत, भाड्याच्या खोलीत किंवा देवळाच्या ओवरीत भरते. खोली ज्याची, उंबराही त्याचाच. त्या उंबऱ्याच्या आत कोणाच्या मुलाने यायचे, कोणाच्या हातचे अन्न कोणी खायचे, हे मग खोलीचा मालक बोलून किंवा न बोलता ठरवतो. दलित आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्याला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. या वाङ्मयात शाळेचे जे चित्र येते त्यात अभ्यासक्रमापेक्षा बसण्याची जागा आधी येते: वर्गात की व्हरांड्यात, सतरंजीवर की घरून आणलेल्या पोत्यावर, पाण्याच्या माठाजवळ की माठापासून दूर. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या इमारतीने भेदभाव आपोआप मिटतो, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण तिचा उंबरा कोणा एकाच्या मालकीचा नसतो, आणि अडवल्या गेलेल्या आईला तिथे हक्काने भांडता येते. परक्याच्या पडवीत भांडायला तिला पाय ठेवण्यापुरतीही जागा नसते. म्हणून इमारत हवी, आणि ती गावठाणातल्या सोयीच्या जागेपेक्षा जिथे मुले आहेत त्या वस्तीत हवी.

तेव्हा सरकारने बांधकामावर खर्च करावा की नाही, हा आमचा वाद नाही. तो करावाच. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साधने असावीत असे ठरवले, तेव्हा ही किमान मर्यादाही हजारो शाळांना स्वप्नवत होती. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ज्या खोल्या, स्वच्छतागृहे आणि कुंपणे उभी राहिली, त्यांनी ग्रामीण शाळेचे रूप पालटले, हे मान्य करण्यात कोणी कद्रूपणा दाखवू नये. पण बांधकामाचा खर्च आणि माणसाचा खर्च यांकडे सरकार ज्या दोन वेगळ्या नजरांनी पाहते, त्याबद्दल बोलायलाच हवे.

त्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवू. २०२२ मध्ये केंद्राने अंगणवाडीची एक इमारत बांधण्याचा खर्च १२ लाख रुपये धरला. रोजगार हमीतून ८ लाख, वित्त आयोगाच्या निधीतून २ लाख आणि महिला व बालविकास खात्याकडून २ लाख, अशी त्याची विभागणी होती. दुसरा आकडा मानधनाचा. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने अंगणवाडी सेविकेचे मासिक मानधन ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरवले, आणि पुढची कित्येक वर्षे ते तसेच राहिले. राज्ये त्यात आपापली भर घालतात, हे खरे. पण केंद्राच्या दराने हिशेब केला तर एका इमारतीच्या किमतीत सेविकेचे सुमारे २२ वर्षांचे मानधन बसते. इमारत महाग आहे, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. बारा लाखांत मुलांना शोभेल अशी इमारत बांधणेही कठीणच आहे. या हिशेबातून दिसते ते त्या बाईचे मोल. भिंत पडल्यावर दुरुस्तीचा प्रस्ताव जातो. बाईचे वय झाले की तिच्या जागी दुसरी येते, आणि तिच्या म्हातारपणाची तरतूद हा अनेक वर्षे प्रश्नच मानला गेला नव्हता.

आणि इथे पुन्हा शब्दांकडे यावे लागते. प्राथमिक शाळेत शिकवतो तो ‘शिक्षक’ आणि त्याला मिळते ते ‘वेतन’. अंगणवाडीत शिकवते ती ‘सेविका’ आणि तिला मिळते ते ‘मानधन’. ‘सेवा’ आणि ‘मान’ हे दोन्ही शब्द मराठीत किती उंच आहेत! परंतु पगार द्यायचा नसतो तिथे हे उंच शब्द फार उपयोगी पडतात. मानधन म्हटले की ते वाढवून मागणे थोडे अप्रशस्त दिसते. सेवा म्हटली की तासांचा हिशेब ठेवणे क्षुद्रपणाचे वाटते. पुढे राज्याने नव्या शिक्षकांनाही सुरुवातीची तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ करून मानधनावर ठेवले, तेव्हा अंगणवाडीतला शब्द शाळेच्या पायऱ्या चढला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला, पात्र आहेत असा निर्णय दिला, आणि त्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचे काम करतात याचीही नोंद घेतली. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी दीर्घ संप केला. त्यातल्या मागण्यांची यादी आम्हांला भाषेच्या दृष्टीने फार बोलकी वाटली. आम्हांला मान पुरे झाला, वेतन द्या, असाच तिचा मथितार्थ होता.

पैसा नाही, हे उत्तर या प्रांतात फार जुने आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले होते, की सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांकडे वळतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि त्याच्या शिक्षकांना चांगले वेतन द्यावे, ही त्यांची मागणी एकाच निवेदनात होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. खोली आणि पगार या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या नव्हत्या. १९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. साम्राज्याला जे परवडेना ते एका छोट्या संस्थानाला परवडले. परवडणे हा शब्द तिजोरीपेक्षा इच्छेशी अधिक जोडलेला असतो, हा धडा आपण त्या दोन घटनांतून घ्यायला हवा होता.

आता वर्तमानाकडे येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा विकसित करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात तेव्हा १४ हजारांहून अधिक होत्या. या कल्पनेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आठ-दहा मुलांच्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला तो गेला की शाळेला कुलूप लागते. मुलांना बरोबरीचे सवंगडी नसतात, खेळ रंगत नाही, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय दूरच राहिले. मोठी शाळा, भरपूर शिक्षक, मुलांना ने-आण करणारी बस, हे चित्र काही वाईट नाही. पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांसाठी ते उपयुक्तही ठरेल.

परंतु सहा वर्षांच्या मुलासाठी? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरवले, ते काही अधिकाऱ्यांच्या लहरीने नव्हे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की बस पलीकडेच थांबते. बस चुकलेल्या मुलाचा दिवस बुडतो. मुलगी असेल तर बस सुरू असूनही तिचे जाणे आधी थांबते. आणि याहून मोठी विसंगती पुढे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकसंध पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांची सांगड घालावी, ती शक्य तिथे एकाच आवारात असावीत, असा त्याचा रोख आहे. म्हणजे कोसबाडची विकासवाडीच अनेक दशकांनी दिल्लीच्या कागदावर आली. मग एका हाताने अंगणवाडी शाळेला जोडायची आणि दुसऱ्या हाताने शाळाच वस्तीतून उचलून आठ-दहा किलोमीटरवर न्यायची, हे दोन्ही एकत्र कसे जमणार? तीन वर्षांचे मूल बसने जाणार नाही. अंगणवाडी वस्तीतच राहणार आणि पहिलीची शाळा दूर जाणार. जो पायाभूत टप्पा एकसंध म्हणून लिहिला गेला, तो पाच आणि सहा या वयांच्या मधोमध तुटेल. ‘समूहशाळा’ या समासातही क्रमवारी पाहावी. त्यात मूल जिथे राहते त्या जागेला स्थानच उरलेले नाही.

‘पट घटला’ हे वाक्य तर निसर्गाचा नियम सांगावा तसे उच्चारले जाते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आपण वर्षानुवर्षे शिकवतो. धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, हळूहळू जमणारी मुले, साऱ्या वाडीच्या श्रमांतून उभी राहिलेली तालीम, तिच्या उद्‌घाटनाला आलेले राजे. आणि मग पडलेला दुष्काळ. माणसे मेंढरे घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते, बांधलेली वास्तू मागे उरते. या कादंबरीच्या शैलीवर आणि निवेदनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यात ग्रामीण गुंतवणुकीबद्दलचे एक कठोर निरीक्षणही आहे, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. पाणी आणि काम नसेल तर इमारत माणसांना धरून ठेवू शकत नाही. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बीडची कुटुंबे गाव सोडतात, तेव्हा तिथल्या शाळेचा पट घटतो. तो घटला म्हणून शाळा बंद करायची, म्हणजे स्थलांतराची शिक्षा त्याच मुलांना दुसऱ्यांदा द्यायची. परत आल्यावर जिथे बसायचे ती जागाच नाहीशी झाली, तर परत येण्याचे एक कारणही कमी होते.

आमची मागणी म्हणून मोजकीच आहे. तीन ते आठ वयाच्या मुलांची जागा, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरीचा वर्ग, वस्तीतून, पाड्यावरून, तांड्यावरून हलवू नये; पट दहा असो वा पाच. एकत्रीकरण करायचेच तर ते वरच्या इयत्तांचे करावे. नवी खोली मंजूर करताना तिथे रोज उभ्या राहणाऱ्या बाईचे वेतन, आणि ते वेतन याच नावाने, त्याच शासन निर्णयात मंजूर करावे. तिला शिक्षिका म्हणावे, कारण ती शिकवते. यासाठी लागणारा पैसा थोडा नाही, आणि छोट्या वस्तीत दर मुलामागे होणारा खर्च शहरापेक्षा नेहमीच जास्त येईल, हेही आम्ही लपवू इच्छित नाही. डोंगरावर पाणी चढवायला जास्त खर्च येतो, म्हणून डोंगरावरच्या माणसाने पाणी पिऊ नये असे आपण म्हणत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यात काय करावे? निदान एवढे करावे, की पुढच्या वेळी एखाद्या गावात ‘अंगणवाडी’ अशी पाटी दिसली तर ती इमारत कोणाच्या अंगणात आहे ते पाहावे, तिथून सर्वांत दूरचे घर कोणाचे आहे ते विचारावे, आणि आत शिकवणाऱ्या बाईंना मागच्या महिन्याचे पैसे मिळाले का, याचीही चौकशी करावी. शब्दाचा अर्थ ठरवण्याची आपल्या शास्त्रातली रीत संदर्भ पाहण्याची आहे. या शब्दाचा संदर्भ कोशात सापडणार नाही. तो त्या वस्तीवर जाऊनच पाहावा लागेल.